छायाताईंची मोकळी जागा

मोहोपाड्याच्या एका कारखान्याचं सगळं काम तीन सर्व्हरवर वाटून चालतं. ते सांभाळणाऱ्या कोंडाण्याच्या छायाताई प्रत्येकावर एक तृतीयांश जागा मोकळी ठेवतात. एक बंद पडलाच, तर उरलेल्या दोघांनी त्याचं काम उचलावं, हा त्यांचा हिशेब.

व्यवस्थापक केतनसाहेबांना तो पटेना. “अहो ताई, एवढी जागा नुसती लोळतेय! नवं काम टाका तिथं.”

“टाकते की. आधी एक सर्व्हर बंद करून बघू.”

“आत्ता? गेटवर ट्रक उभे आहेत!”

“म्हणूनच आत्ता.”

ताईंनी सर्व्हर बंद केला. संगणकांचे पडदे थिजले. माल अडकला तर जाब साहेबांनाच द्यावा लागणार होता. तेवढ्यात वजनकाट्यावरून पुढची पावती निघाली. उरलेले दोन्ही सर्व्हर मात्र काठोकाठ भरले होते.

“बोला साहेब, नवं काम कुठं टाकू?”

साहेब मनापासून हसले. “चौथा सर्व्हर मागवा, ताई. सही मी करतो.”