भट्टी बंद का होत नव्हती

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅमर होते. औषधं सुकवायच्या भट्टीचं तापमान सांभाळणारं यंत्र आम्ही बनवत होतो. त्याचा प्रोग्रॅम माझा.

साधा कंपाइल केला, चिपच्या भाषेत उतरवला, की तो चाचणीच्या मोठ्या बोर्डावर नीट चालायचा, पण यंत्राच्या चिपमध्ये मावायचा नाही. ऑप्टिमायझेशन चालू केलं, म्हणजे कंपाइलरला कोड आटोपशीर करायला सांगितलं, की मावायचा. पण मग भट्टी तापतच राहायची. चाचणीत अख्खा ट्रे करपला.

"तुझंच काहीतरी चुकलंय," साहेब म्हणाले. "कंपाइलर परदेशातून आणलाय."

"कोड तोच आहे, सर. एक अक्षर बदललेलं नाही."

त्यांनी माझ्या कोडमध्ये मध्येच एक बिनकामाची ओळ घातली. भट्टी वेळेवर बंद झाली.

"झालं ना? कर चाचणीच्या कागदावर सही."

"का झालं ते कळल्याशिवाय नाही करणार."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली, "अगं, कशाला नडतेस?"

माझे वडील गिरणीत बॉयलरवर होते. त्यांचा भाजलेला हात बघत मी मोठी झाले होते. नडणारच.

ती ओळ असताना आणि नसताना, दोन्ही वेळचा असेंब्ली कोड, म्हणजे कंपाइलरनं चिपसाठी तयार केलेल्या सूचना, छापून मी बोरीवलीला घरी नेला. रविवारी कागद जमिनीवर पसरले आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. दुपारी सापडलं. तापमान प्रत्येक फेरीला वाचायला हवं होतं. पण प्रोग्रॅममध्ये तो आकडा कुणीच बदलत नाही असं पाहून कंपाइलरनं तो एकदाच वाचला आणि तोच धरून बसला. आकडा बाहेरून सेन्सर बदलतो, हे त्याला सांगायची सोयच त्यात नव्हती. साहेबांच्या ओळीमुळे तो नाइलाजानं पुन्हा वाचत होता, इतकंच. उद्या कुणी ती पुसली असती तर वाट लागली असती.

सोमवारी कागद साहेबांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले.

"मग आता?"

"वाचायचा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये काढते. तेवढ्याला ऑप्टिमायझेशन नाही."

प्रोग्रॅम चिपमध्ये मावला. तीन दिवस भट्टी चालवली, मगच सही केली.

गिऱ्हाईक यंत्र न्यायला आलं तेव्हा साहेब म्हणाले, "आमच्या टीमनं चूक शोधली."

"टीमनं नाही, सर. मी शोधली."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला चाललं.