हळूकाकांचं नवं इंजिन

आमच्या काकांना सगळं घर हळूकाका म्हणतं, तेही तोंडावर. घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घ्यायचा आणि श्वास रोखून तो चाकाच्या बुडाशी सोडायचा, यातच हयात गेली. अशा माणसाच्या जुन्या गाडीचं इंजिन पार खोलून नव्याने बांधावं लागलं, तेव्हाच काकूंनी कपाळाला हात लावला.

नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून मेकॅनिकने गाडी दिली आणि बजावलं, "नवे भाग एकमेकांना घासतात, त्याची धातूची पूड तेलात उतरते. म्हणून पहिलं तेल लवकर काढा, दुसरंही फार ताणू नका. तेल साधंच घाला. आणि सुरुवातीला जरा सावकाश."

काकांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा मनावर घेतला.

गाडी रस्त्याला लागली की सायकलवाले मागून घंटी वाजवायचे आणि पुढे निघून जायचे. काका त्यांच्याकडे दयेने बघायचे. पहिलं तेल त्यांनी वेळेवर काढलं, पांढऱ्या फडक्यावर थेंब घेतला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"अगं, बघ तरी, काय चमकतंय!"

"लग्नाआधी मला एवढं निरखलं असतंत," काकू म्हणाल्या, "तर दोघंही वाचलो असतो."

पुढे त्या चमकेचा नादच लागला. गाडी बाजारात जाऊन आली की तेल बदल, दवाखान्यात जाऊन आली की तेल बदल. अखेर फडक्यावर काहीच चमकेना, तेव्हा काकांनी खूश होऊन दुकानातलं सगळ्यात महाग, सगळ्यात गुळगुळीत तेल आणून ओतलं. "लेकरू आहे, जरा चांगलंचुंगलं मिळू दे त्याला."

लेकराने निळा धूर सोडायला सुरुवात केली. तेल मोजायची पट्टी रोज थोडी जास्त कोरडी निघू लागली. काका पडल्या चेहऱ्याने गॅरेजात गेले.

"एवढं जपलं हो मी!"

"जपलंत म्हणूनच झालं हे," मेकॅनिक हसू दाबत म्हणाला. "रिंगा सिलिंडरला घासून नीट बसायला हव्यात. त्याला इंजिनावर जोर पडायला लागतो. तुम्ही जोर पडूच दिला नाहीत, वर घासू न देणारं तेल घातलंत. मग रिंगांच्या फटीतून तेल वर जातं आणि जळतं. चूक माझीही आहे. तुम्हाला सावकाश म्हणायलाच नको होतं."

त्याने साधं तेल भरून दिलं. "आता चढाचा रस्ता धरा. रेस द्या, सोडा, परत द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेकडीच्या रस्त्याला लागलो. मी मागे बसलो होतो. चढ आला आणि काकांचा पाय काही केल्या खाली दबेना. मागे ट्रकवाला हॉर्नवर हातच ठेवून बसला. शेवटी काकू उतरल्या, वळसा घालून आल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "सरका."

लायसन्स त्यांच्याकडेही होतं, पण इंजिन नवं झाल्यापासून किल्ली काही हाती लागली नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि पाय दाबला. गाडी गुरगुरत वर निघाली.

"अगं, मरेल ते!"

"तुम्ही डोळे मिटा."

काकांनी खरंच मिटले. दोन्ही हातांनी सीट धरून वरपर्यंत ते इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. काकूंनी पुढे कितीतरी सकाळी गाडी त्या चढणीवर नेली. हळूहळू धूर विरळ झाला, मग दिसेनासाच झाला. मेकॅनिकने सांगितलं तेव्हा, आणि तेव्हाच, तेल बदललं. पट्टीवरची तेलाची रेघ जागची हलली नाही.

मग काकू बहिणीच्या गावी गाडी घेऊन गेल्या. काका शेजारच्या सीटवर. पोचल्यावर काकांनी साडूंना बॉनेट उघडून दाखवलं.

"नवं इंजिन नुसतं जपून चालत नाही," ते गंभीरपणे म्हणाले, "थोडं रेटावं लागतं. त्याला छाती लागते."

काकूंनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "मग परत जाताना तुम्ही रेटा."

काकांनी किल्लीकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं.

"आधी चहा तरी घेऊ," ते म्हणाले आणि घरात गेले.