उशिरा पडणारी दोन बोटं

सारांतोसनं आर्गिरिसच्या हातावर हातोडी घातली तेव्हा मी वरच्या मजल्यावर वाटाणे सोलत बसले होते. खाली आमच्या तळघरात त्या पोरांच्या बँडचा सराव चालू होता. आठ वर्षं मी तो आवाज पायांनी ऐकत आले होते. लादीतून तो आधी टाचांना कळायचा, मग कानांना. त्या दुपारी ड्रम एकाएकी थांबले, थोडं बोलणं झालं, आणि मग एकच ठोका पडला. तो ड्रमचा नव्हता.

खाली जाऊन बघते तर आर्गिरिस भिंतीशी बसलेला, डावा हात उजव्या हातात धरलेला, रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं. गाणारा मिल्तोस सारांतोसला मागून मिठी घालून उभा होता. ती मिठी सोडवायला सारांतोस धडपडतही नव्हता. त्याच्या मुठीत जहाजाचा गंज उडवायची हातोडी होती, दोन्हीकडून छिन्नीसारखी धार असलेली. मी कमरेचा टॉवेल काढून तो हात गुंडाळला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही भलत्याच दिशेला बघत होती.

इस्पितळात आर्गिरिसनं सांगितलं की जहाजावर लोखंडी झडप निसटून हातावर पडली. आमच्या पेरामात, ग्रीसमधल्या या गोदीच्या गावात, रोज कुणाच्या ना कुणाच्या अंगावर काहीतरी निसटून पडतच असतं. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सारांतोस तिसऱ्या गल्लीतला. त्याचा बाप कोझमास गंज ठोकायचा, आणि पंधराव्या वर्षापासून हाही. जहाज गोदीत चढवलं की दोरांना फळी टांगायची, फळीवर बसायचं आणि दिवसभर लोखंडाच्या पोटावर ठोकत राहायचं. वीस-वीस माणसं एकदम ठोकतात, समुद्रापलीकडे सालामिना बेटावर ऐकू जातं. बाप शेजारच्याच फळीवर असायचा. ठोका कुचकामी पडला की पोराच्या पाठीत दांडा. सारांतोस हे जेवताना हसत सांगायचा. "आमचे बाबा फार मोजकं बोलायचे, थिया असिमिना. बाकीचं दांडा बोलायचा." थिया म्हणजे मावशी, गल्लीतली सगळीच पोरं मला तसं म्हणतात. एकदा सदरा बदलताना मी त्याची पाठ पाहिली होती. त्यानंतर मला त्या गोष्टीवर हसता आलं नाही.

बँड आधी दोघांचाच होता, आर्गिरिसची गिटार आणि मिल्तोसचा घसा. नाव कात्रामी, म्हणजे डांबर. ड्रम वाजवायला माणूस नव्हता, म्हणून एक ठोक्यांचं यंत्र लावायचे. तळघर आमच्या सासऱ्यांचं, मासेमारीची जाळी ठेवायचं. आमच्या ह्यांनी ते पोरांना दिलं, वर मलाच म्हणाले, वाजवू दे, नाहीतर रस्त्यावर मारामाऱ्या करतील. एका दुपारी सारांतोस कामावरून येताना जाळीच्या खिडकीपाशी थांबला, वाकून म्हणाला, "कुणाची आजी शिवणयंत्र चालवतेय रे आत?" आणि खाली उतरून त्यानं यंत्राची वायर उपटली. पुढच्या आठवड्यात कुठूनसे उसने ड्रम आले. तेव्हापासून माझ्या फडताळात कप एकात एक ठेवता येईनात. नाचून फुटायचे.

त्यांच्या पहिल्या दोन तबकड्यांत वेगाशिवाय दुसरं काही नाही. सारांतोस वाजवायचा तसं मी आमच्या कसायालाही हाडं तोडताना पाहिलेलं नाही. काठ्या मोडायच्या, त्याच्या बोटांच्या पेरांचं कातडं सोलून निघायचं, पांढऱ्या ड्रमवर लाल ठिपके. आणि हे सगळं ड्रमवरच थांबत नव्हतं. पात्रासच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतला एकजण मिल्तोसवर थुंकला. सारांतोस खाली उडी मारून गेला, त्याचा जबडा मोडला, वर येऊन उरलेलं गाणं पुरं केलं. थेसालोनिकीला दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मग लोक त्याचसाठी यायला लागले. आज कुणाचे दात जाणार, अशा पैजा लागायच्या. आर्गिरिस, जो शाळेत मुंगीलाही वाट द्यायचा, तो दर कार्यक्रमानंतर चौकीवर जाऊन माफ्या मागायचा. दोन शहरांनी त्यांना परत बोलावलंच नाही.

मग एका हिवाळ्यात कोझमास मेला. जहाजाच्या टाकीतला वायू पुरता निघायच्या आधीच कुणीतरी आत ज्योत पेटवली. सारांतोसनंच बापाला बाहेर ओढून काढलं. त्याच्या तळव्यांना बापाचं कातडं चिकटून आलं होतं. तो रडला नाही. चाळिसाव्या दिवशी चर्चबाहेर उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटत असताना त्यानं टाकीच्या कामाच्या ठेकेदाराला धरलं आणि तोंड ओळखू येईना इतकं मारलं. ह्यांनी आणि आणखी तिघांनी मिळून त्याला सोडवलं. पायरीवर गव्हाचे दाणे, साखर आणि रक्त, सगळं एक झालं होतं.

याच दिवसांत आर्गिरिसला तिसऱ्या तबकडीसाठी संथ गाणी सुचत होती. म्हणायचा, इथे मोकळं सोड, दोन ठोक्यांच्या मध्ये अंधार राहू दे. सारांतोसला मोकळं सोडता येईना. त्या दुपारी सहाव्यांदा चुकल्यावर आर्गिरिसनं गिटार खाली ठेवली, हात लोखंडी पेटीवर टेकला आणि म्हणाला, "तू वाजवत नाहीयेस. तू अजून बापाला मारतोयस." कामाची पिशवी सारांतोसच्या पायाशीच होती.

त्यानंतर सारांतोस आमच्या दारात आला नाही. आर्गिरिसची बोटं जुळली, पण वाकडी. यंत्र परत आलं. चार महिने मी लादीतून ऐकत होते: यंत्र आपलं सरळ चाललेलं, आणि गिटार प्रत्येक वळणावर मागे राहून धापा टाकत येतेय. यंत्र कुणासाठी थांबत नाही. गाणी अर्ध्यात तुटायची, मग खाली काहीतरी भिंतीवर फेकल्याचा आवाज यायचा. एकदा भाजी घेऊन येताना पाहिलं, तर जाळीच्या खिडकीपाशी सारांतोस उभा. डोळे मिटलेले, आणि मांडीवर हात पडत होता. यंत्राबरोबर नाही. त्या वाकड्या बोटांबरोबर. बोटं जिथे उशिरा पडत, बरोबर तिथे.

मी आर्गिरिसला वर बोलावलं, डाळीचं सूप समोर ठेवलं आणि पाहिलं ते सांगितलं. तो सूप निवेपर्यंत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर होते. माफी कुणी मागितली नाही. सारांतोसनं विचारलं, "दुखतं?"

"पाऊस यायचा असला की."

"मग तू काय आता हवामानखातं झालास."

आर्गिरिसनं उठून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. सारांतोसचा ओठ फाटला. त्यानं मूठ वळली, मग हळूहळू सोडली, टेबलावर उताणी ठेवली. आर्गिरिस म्हणाला, "हे झालं तुझं-माझं. आता अट ऐक. हात ड्रमवर. एकाही माणसावर उठला, तर त्याच दिवशी यंत्र आणतो आणि तू परत खिडकीबाहेर."

सारांतोसनं मान हलवली. मला म्हणाला, थिया, बर्फ आहे का.

तिसरी तबकडी निघाली. जर्मनीतल्या एका मासिकानं लिहिलं की कात्रामीला प्रौढपण आलंय, त्यांनी शांततेचं मोल ओळखलंय. आर्गिरिसनं मला ते वाचून दाखवलं. खरं तर वेग त्या बोटांना झेपतच नव्हता. एक सूर यायचा, मग सारांतोस थांबायचा, काठी हवेत. बोट तारेवर टेकलं की ठोका. माझे कप आता नाचत नव्हते. एकेका ठोक्याला फक्त एकदा, सगळे मिळून, दचकायचे.

जुन्या चाहत्यांना हे मानवलं नाही. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला गोदी कामगारांच्या संघटनेनं भर दुपारी धक्क्यावरच कार्यक्रम ठेवला. मी पालकाच्या भाजीचे पॅटिस घेऊन गेले होते. दुसऱ्याच गाण्याला ओरडा सुरू झाला: जोरात वाजवा, म्हाताऱ्यांनो, मयताला आलोय का. एक दांडगा जवळ येऊन सारांतोसला डिवचायला लागला, "काय रे कोझमासच्या, पट्टा बांधला का गळ्यात?" बापाचं नाव ऐकून मी पॅटिसचं ताट खाली ठेवलं. सारांतोस वाजवत राहिला.

मग बाटली आली. काचेची, अर्धी भरलेली. ती त्याच्या भुवईवर फुटली. रक्त डोळ्यात, गालावर, तिथून ड्रमवर. पुढचा ठोका पडला तसं ते वर उडालं. सगळी गर्दी श्वास धरून उभी, आता हा उतरणार. तो माणूसही तयारीत होता, बाह्या वर करून.

उतरला आर्गिरिस. गिटार गळ्यातून काढली, दांड्याला धरली आणि कुऱ्हाड सरपणावर घालावी तशी त्या माणसाच्या खांद्यावर घातली. तो पडला. आर्गिरिस त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला, उजव्या हातानं, मग डाव्या, वाकड्या हातानंही. मिल्तोस गायचं विसरला होता. ह्यांच्यासकट चारजण धावले तरी आर्गिरिस त्याला सोडेना. आणि या सगळ्यावर एक ठोका, लांब अंधार, दुसरा ठोका. सारांतोसचा एक डोळा रक्तानं मिटला होता. दुसऱ्यानं तो आर्गिरिसकडे बघत होता आणि चुकत नव्हता.

शेवटी त्यांनी आर्गिरिसला उचलून वर आणलं. कुणीतरी गिटार हातात दिली, दोन तारा तुटलेल्या. त्यानं ती गळ्यात अडकवली. मग करंगळी टेकली, नेहमीसारखी उशिरा, आणि ठोका तिच्याबरोबर पडला.

नंतर मागच्या शेडमध्ये मी सारांतोसच्या भुवईला टॉवेल दाबून धरला होता. आर्गिरिसचा हात मनगटापर्यंत सुजलेला. त्या माणसाला रुग्णवाहिका घेऊन गेली होती, पोलीस शिपाई बाहेर नावं विचारत होते.

"एकशे चौदा," सारांतोस म्हणाला.

"काय एकशे चौदा?"

"ठोके. तू खाली होतास तेवढे. मोजले मी."

"मग थांबला का नाहीस?"

"तुझी बोटं उशिराच येतात." त्यानं टॉवेल माझ्या हातातून घेतला. "आणि आता ते अटीतलं यंत्र. कुणाच्या जागी लावायचं, तेवढं सांग."

दारात शिपाई आला होता. आर्गिरिस उठला, सुजलेला हात छातीशी धरून त्याच्याबरोबर निघाला. सारांतोसही उठला, दुसऱ्या बाजूनं त्याच्या शेजारी चालायला लागला. या वेळी चौकीवर माफी मागायची पाळी सारांतोसची होती.