कवळी आणि बकऱ्याचा खांदा

आमच्या ह्यांनी खालचे-वरचे सगळे दात काढून कवळी बसवली, तेव्हा मला वाटलं, चला, रोजची दाढदुखी सुटली. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभरात सवय होईल, मग काहीही खा. सवय झाली, नाही असं नाही. पोळी खातात, भाकरी रश्श्यात भिजवून खातात, शेंगदाण्याची चटणीसुद्धा सोडत नाहीत. पण मटणाचं नाव काढलं की म्हणायचे, "माझं मटण संपलं आता. तुम्ही खा."

हसत म्हणायचे, म्हणून मला जास्त लागायचं. कारण हा माणूस मटण कसा खातो ते मी बेचाळीस वर्षं समोर बसून बघितलंय. आठवडाभर अंबडच्या कारखान्यात राबायचे आणि रविवारी ताटावर बसले की तासभर उठायचे नाहीत. नळी ताटाच्या कडेवर आपटून मगज काढायचे, आणि हाड इतकं स्वच्छ करून ठेवायचे की मागच्या दारी येणारं मांजर ते हुंगून माझ्याकडेच रागाने बघायचं. तेच आता, घरात मटण असलं की बारा वाजताच वरण-भात खाऊन घेत आणि पेपर घेऊन पुढच्या ओट्यावर जाऊन बसत. पोट भरत होतं हो त्यांचं. पण पंगतीतून माणूस उठून गेला होता ना.

मी काय गप्प बसणारी आहे? आधी खिमा करून बघितला. मग कुकरला आठ शिट्ट्या देऊन मटण पार मऊ केलं. त्याच्या नुसत्या दोऱ्या झाल्या आणि चव सगळी पाण्यात गेली. ह्यांनी चमचा बुडवून वर धरला, बघितला आणि म्हणाले, "अगं, हे बाळाला भरवायचं का?"

खरंच होतं त्यांचं. त्यांना लगदा नको होता. हाताने हाडावरून ओढता आलं पाहिजे, तोंडात गेल्यावर मटण आहे हे कळलं पाहिजे, आणि कवळी जागेवर राहिली पाहिजे. मागणं एवढंच, पण कुकरला ते काही जमेना.

तशात आखाड लागला. श्रावणात आमच्याकडे महिनाभर मटण, मासे, अंडं सगळं बंद, म्हणून त्याआधी आखाडात एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला जमतात. माझी नणंद, धाकटा दीर, त्यांची मुलंबाळं. थोरलं घर आमचं, त्यामुळे पंगत आमच्याकडेच. नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादाला यंदा काय वाढणार? गोडं वरण?" तिचा स्वभावच तसा आहे, जीभ आधी चालते. ते मी सोडून दिलं. पण दोन दिवसांनी हे ओट्यावर बसून दिराशी फोनवर बोलत होते ते माझ्या कानावर पडलं. "तुम्ही या, पोटभर जेवा. मी त्या दिवशी गावी जाऊन येतो जरा. शेताचं काम आहे."

शेतात कसलं काम? भात लावून झाला होता. आपल्याच घरच्या आखाडाला आपणच नसायचं, असं ठरवलं होतं ह्यांनी. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, काही झालं तरी ह्या रविवारी हा माणूस पंगतीला बसला पाहिजे, आणि बसला तर मटण खाल्लं पाहिजे.

आमच्या सूनबाईचा ओव्हन आहे. ती त्यात केक करते, नानकटाई करते, हाताला चांगली चव आहे पोरीच्या. तिनेच मला मोबाईलवर दाखवलं होतं की परदेशात लोक अख्खी तंगडी ओव्हनमध्ये भाजतात आणि मटण हाडावरून आपोआप सुटतं. मी तिला म्हटलं, "आपण करू या की."

"आई, माझ्या ओव्हनमध्ये मटण नाही हं," ती म्हणाली. "केकला वास लागेल."

मला आधी हसूच आलं. माझ्या सासूबाईंच्या राज्यात मटणाची चूल वेगळी, पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि ती सगळी भांडी मागच्या पडवीत पालथी. देवघर स्वयंपाकघरात होतं ना. त्यांच्यानंतर कुठे मी मटण घरात आणलं. आता सून म्हणते माझ्या केकच्या पेटीला मटण शिवायचं नाही. म्हणजे सोवळं गेलंच नाही बघा, फक्त देवाकडून केककडे आलं.

पण मी तिला फोनवरचं ऐकलेलं सांगितलं. तिने ओव्हनचं दार उघडून आत बघितलं. मग म्हणाली, "ट्रे वेगळा आणायचा. आणि नंतर लिंबू-सोडा लावून तुम्ही पुसून द्यायचा."

"देते बाई."

"दोनदा."

"तीनदा देते."

पहिला प्रयोग बुधवारी केला. मी खाटकाकडून मागची तंगडी आणली, दही, आलं-लसूण, आमचा काळा मसाला लावून ठेवली, आणि केकला लागतं तेवढं म्हणून दोनशेवर पाऊण तास लावलं. आणि इथे माझी सगळी गडबड झाली. मी जन्मभर मटण कानाने शिजवलंय. चार शिट्ट्या कोवळ्याला, सहा जून मटणाला, त्यापुढे वास. ही पेटी तर मुकी. आत काही चाललंय की नाही, कळायला मार्ग नाही. मग काय, पाच मिनिटं झाली की मी दार उघडायची, सुरीने टोचायची, परत लावायची. दहा-बारा वेळा तरी उघडलं असेल. पाऊण तासाने बाहेर काढलं तर वरून काळं, आणि आत चप्पल.

ह्यांनी एक तुकडा घेतला. माझ्यासाठीच घेतला असणार. दोनदा चावला आणि कवळी हलली. तोंडावर हात धरून बेसिनकडे गेले, नळ बराच वेळ चालू होता. परत आल्यावर म्हणाले, "चव चांगली आहे," आणि दही-भात कालवला. थोड्या वेळाने, ताटाकडेच बघत, "अगं, आता माझ्यासाठी नको काही करत बसू."

मला रडू आलं नाही. राग आला. पेटीचा, माझा, त्या तंगडीचा.

शुक्रवारी मी खाटकाकडे गेले. त्याच्या बापाच्या वेळेपासून आम्ही त्याच दुकानातून नेतो. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मला थोडक्यात सांगताच येत नाही, मागे गिऱ्हाईक उभं राहिलं तरी सांगत राहिले.

"मावशी, तंगडी कशाला घातली?" तो म्हणाला. "मला इचारायचं तरी. त्या पेटीत घालायचा तर पुढचा खांदा न्या. खांद्यात चरबी हाये, शिरा हायेत, त्या हळूहळू इतळतात, मग मटण आपोआप सुटतं. आन किती टाइम ठेवलं?"

"पाऊण तास."

"पाऊण तासात तर माझा चहा व्हत नाय. उघडलं किती येळा?"

मी खरं ते सांगितलं. त्याने हातातली सुरी खाली ठेवली. "म्हंजे मावशी, तुम्ही मटण नाय शिजवलं. घर गरम केलं."

मागचं गिऱ्हाईक हसलं. मीही हसले, काय करणार.

मग त्याने त्याच्या आईचं सांगितलं. ती हंडीचं तोंड कणकेने बंद करायची, खाली मंद निखारे ठेवायची, आणि चुलीकडे पाठ करून बसायची. मुद्दाम पाठ. तोंड करून बसलं की हात शिवशिवतो, म्हणायची. "आच कमी, टाइम जास्त, तोंड गच्च बंद," तो म्हणाला. "रविवारी सकाळी सात वाजता या. कोवळ्या बोकडाचे दोन खांदे बाजूला ठेवतो. आन काकांना सांगा, मी इचारलं म्हणून."

ह्यांना गावी जाण्यापासून कसं थांबवलं? सोपं होतं. मी म्हटलं, "जायचं तर जा, पण दुपारी जेवून जा. सगळे यायच्या आधी घरचा कर्ता निघून गेला तर तुमची बहीण मला विचारेल, वहिनी, भांडण झालं का? मी काय सांगू?" बहिणीच्या जिभेला तेही घाबरतात. म्हणाले, "बरं, वरण-भात खाऊन तीनच्या गाडीने जातो."

शनिवार मारुतीचा वार, म्हणून मटणाला हात नाही. म्हणजे आधी करून बघायला वावच नव्हता. रविवारी साडेआठपर्यंत दोन्ही खांद्यांना दही, मीठ, आलं-लसूण, भाजलेलं कांदा-खोबरं आणि काळा मसाला चोळून झाला. ट्रेमध्ये खाली कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर खांदे, वाटीभर पाणी, आणि वरून चांदीच्या कागदाचे दोन थर कडेने दाबून बसवले. पेटी दीडशेवर. साडेनऊला आत ठेवलं आणि सूनबाई स्टूल घेऊन पुढ्यातच बसली.

"तू कशाला बसलीस?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला."

मी पाठ करून बसायचं ठरवलं होतं. गॅसवर हाडांचा रस्सा टाकला, कारण रस्सा नसेल तर आमच्यात त्याला जेवण म्हणत नाहीत. बाजरीच्या भाकरी थापल्या. तरी दर दहा मिनिटांनी मान वळायचीच. साडेअकराला वीज गेली. पंखा थांबला, पेटीतला लाल दिवा विझला. माझा हात कधी दाराच्या मुठीवर गेला, मलाच कळलं नाही.

"आई, हात काढा."

"अगं, कच्चं राहिलं असेल तर निदान कुकरला तरी लावू!"

"दार बंद आहे तोवर आत गरम आहे. उघडलंत की संपलं. हात काढा म्हणते ना."

सासू झाल्यापासून मला कोणी असं दटावलं नव्हतं. मी हात काढला. चाळीस मिनिटं वीज नव्हती. त्या चाळीस मिनिटांत मी मनातल्या मनात ते मटण चार वेळा कुकरला लावून शिट्ट्या मोजल्या. शेवटी पंखा फिरला, दिवा लागला, आणि आम्ही तासभर वेळ वाढवून दिला.

एकच्या सुमाराला सगळे आले. पापड झाले, गप्पा झाल्या, तरी पान वाढायचं लक्षण दिसेना. दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन नाक वर करून उभा राहिला. "वहिनी, वास तर येतोय. मटण कुठंय?"

"पेटीत आहे."

"म्हणजे काय, तिजोरीत ठेवलंय का? किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे," स्टुलावरून सूनबाई म्हणाली.

दोन वाजता कागद काढला. वाफेचा लोट आला, त्यात काही दिसेना. मग पंधरा मिनिटं उघडंच ठेवून वरून लाल केलं, आणि बाहेर काढून तसंच दहा मिनिटं राहू दिलं, रस आत मुरायला. मी चपट्या हाडाला चिमट्याने धरून जरा ओढलं. ते सरळ हातात आलं. स्वच्छ, पांढरं. आणि मटण? होतं तिथेच, अख्खं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. दोघी गालातल्या गालात हसलो, बाहेर माणसं होती.

पंगत बसली. हे कडेला, वरण-भाताचं ताट घेऊन. नणंद सुरू झालीच, "दादा, तू आपला रश्श्यात भाकरी कुस्कर. उगाच नसती हौस नको. मागे एका लग्नात वराच्या काकांची कवळी पंगतीत पडली होती, आठवतं का?"

सगळे हसले. हेही हसले. मी काही न विचारता त्यांच्या ताटात हाडासकट एक तुकडा ठेवला आणि पुढे गेले. मागे वळून बघायचं नाही, असं ठरवलं होतं. खाटकाची आई शहाणीच म्हणायची. पण माझ्या पाठीला कान आहेत. दीर बोलता बोलता थांबला, नणंद थांबली, पोरंसुद्धा गप्प झाली, म्हणजे सगळे तिकडेच बघत होते. मी वळले. ह्यांनी दोन बोटांनी मटण हाडावरून ओढलं. सुटलं. तोंडात घातलं. हळूहळू चावलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. गिळलं.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. तुम्हाला वाटेल, नाव ठेवलं तर ह्यात कसला आनंद? पण मी ह्या माणसाला ओळखते. खायचं नसलं की हे कौतुक करतात आणि उठतात. खोड काढली म्हणजे अजून खाणार आहेत.

"मिठाचं भांडं पुढ्यात आहे तुमच्या," मी म्हटलं.

त्यांनी मीठ घेतलं, भाकरी घेतली, वरण-भाताचं ताट बाजूला सारलं. दिराशी वाद घालायला लागले की खांदा बरा की मागची तंगडी, आणि त्यात तीनची गाडी गेली. नणंद म्हणाली, "वहिनी, मलाही वाढा दादाच्या बाजूचं," आणि ट्रे तिकडेच सरकला.

आम्ही दोघी सासू-सुना शेवटी बसलो. ट्रेमध्ये मटण राहिलंच नव्हतं. तळाला कांदा आणि मसाला चिकटून लाल-काळा झाला होता, तो आम्ही भाकरीने पुसून खाल्ला. काय सांगू, तसला मसाला मी उभ्या आयुष्यात खाल्ला नव्हता. हे हात धुऊन दारात आले आणि रिकाम्या ट्रेकडे बघत उभे राहिले.

"तुम्हाला नाही राहिलं?"

"नाही."

"मला वाटलं आत अजून असेल." जरा घुटमळले. "शेवटचा तुकडा मीच घेतला."

"माहितीये मला," मी म्हटलं. "बघितला मी."