नाखवांनी श्वास का रोखायचा?

मंगळवारी मांडव्याहून सकाळची पहिली बोट पकडून आमच्या शेजारच्या धर्मा नाखवांना हार्टच्या एमआरआयसाठी मुंबईला नेलं. सोबत त्यांची बायको चांगुणा आणि मी. मला नेतात ते इंग्रजीत भांडायला... कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी निदान तेवढं शिकवलंय.

नाखवांच्या हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन झेपेल की नाही, हे डॉक्टर या फोटोंवरून ठरवणार होते. आणि नेमके फोटोच नीट येईनात...

हृदय सतत हलतं, त्यात श्वासाबरोबर छातीही हलते. म्हणून मशीनच्या त्या बोगद्यात स्पीकरवरून हुकूम येतो, श्वास घ्या, आता रोखा. दहा-बारा सेकंद. मग पुन्हा... पुन्हा... पुन्हा.

घराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा बसणारा माणूस हा!

अर्ध्या तासाने टेक्निशियन बाहेर आला. "पेशंट कोऑपरेट करत नाहीत. सगळं ब्लर येतंय. तसं रिपोर्टमध्ये लिहितो, परत अपॉइंटमेंट घ्या."

माझं डोकंच फिरलं. त्याला बाजूला सारून मी आत डोकावले. नाखवा घामाने डबडबलेले. "बाय, दम धरलाच व्हता मी... जसा पान्यात धरताव तसाच."

तेव्हा चांगुणाने उलगडा केला. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की नाखवा बुडी मारून सोडवायचे. पाण्याखाली ते दम एकदम कोंडत नाहीत, तोंडातून बुडबुडे थोडे थोडे सोडत राहतात. चाळीस वर्षांची सवय. म्हणजे हा माणूस जीव तोडून कोऑपरेट करत होता... आणि छाती मात्र हळूहळू खाली जात होती.

माझा आवाज कॉरिडॉरभर गेला असावा. कारण एक सीनियर डॉक्टरबाई आल्या, स्क्रीनकडे पाहिलं आणि चहा सांगावा तितक्या सहज म्हणाल्या, "यांचं फ्री-ब्रीदिंगवर घ्या ना."

म्हणजे काय, तर पेशंटने आपला श्वास घेत राहायचा. छातीखालचा पडदा कसा वरखाली होतोय ते मशीनच पाहत राहतं, त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं आणि कामाचे तुकडे निवडून हृदयाचं चित्र जोडतं. ही सोय त्या मशीनमध्ये होती... पहिल्यापासून!

"मग आधी का नाही केलंत?" मी टेक्निशियनला विचारलं.

"वीस मिनिटं जास्त लागतात, मॅडम. बाहेर लाइन आहे."

चांगुणा उसळली, "वीस मिनटांसाठी माज्या घोवाला गुदमरवलास व्हय रं?" याहून चांगलं इंग्रजी मलाही सुचलं नसतं.

दुसऱ्या खेपेला नाखवा आत चक्क घोरले. फोटो स्वच्छ आले. काल डॉक्टरांचा फोन आला... ऑपरेशन करता येईल.

आजारी माणूस हलणार, दमणार, हे धरून ज्या कुणी एवढं किचकट गणित मांडलं, त्यांना मनापासून नमस्कार. राग आहे तो हे हाताशी असून न वापरणाऱ्यांवर. तुमच्या घरचं धाप लागलेलं माणूस त्या बोगद्यात जाणार असेल, तर श्वास न रोखता होईल का, हे आधीच विचारा. नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारा... आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.