सर आहेत का?

दार उघडलं की समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत बघायचा आणि विचारायचा, "सर आहेत का?"

पाटी वाचूनच आलेला असायचा. ती मी स्वतः रंगवली होती. 'येथे गिटार शिकवतात. वय आठच्या पुढे. बेल एकदाच वाजवावी, ऐकू येते.' त्यात सर हा शब्द कुठेही नव्हता. तरी येणाऱ्याला सर हवे असायचे. "मीच शिकवते," म्हटलं की तो "अच्छा, अच्छा" करत एक पाय मागे घ्यायचा. "बरं, घरी विचारून सांगतो." घरी विचारून! एरवी घरात पंख्याचा रंगसुद्धा हा कोणाला विचारून ठरवत नसणार. पण माझ्या दारात उभं राहिलं की सगळ्यांना एकदम घरच्यांच्या मताची आठवण व्हायची.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. पुण्याजवळच्या धायरीत तेव्हा शेतांच्या मधोमध सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि त्यांतल्याच एकीत तळमजल्यावर आम्ही घर घेतलं होतं. तळमजला मी हट्टाने घेतला. मला आतल्या खोलीत वर्ग काढायचा होता, आणि मुलांनी गिटारी घेऊन जिने चढावेत असं मला वाटत नव्हतं.

गिटार मी खडकीला शिकले. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले एक काका राहायचे. ते ओट्यावर बसून आम्हा पोरांना शिकवायचे. पहिल्या दिवशी डाव्या हाताची नखं कापायची आणि मग बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत गाण्याचं नाव काढायचं नाही, अशी त्यांची पद्धत. माझीही तीच.

लग्नानंतर मी शहरातल्या एका मोठ्या क्लासात कित्येक वर्षं शिकवलं. मुलं माझ्या हाताखाली तयार व्हायची, वर्षअखेरीच्या कार्यक्रमात हार मात्र क्लासच्या सरांच्या गळ्यात पडायचा. हे सर मुलांना त्या एका दिवशी भेटायचे. मी पडद्यामागे उभी राहून तारा जुळवून द्यायचे. एका वर्षी एका आईने मला विचारलं, "तुम्ही पण इथे शिकता का?" त्याच आठवड्यात मी क्लास सोडला. दुसऱ्याच्या नावाखाली पुन्हा एक सूरही शिकवणार नाही, असं नवऱ्याला सांगून टाकलं. माझ्या धायरीच्या वर्गात बाकी काही नसलं तरी चालेल, वर्ग माझा असला पाहिजे.

तर तो वर्ग भरेना. मी पिठाच्या गिरणीवर जाहिरातीचा कागद लावला, झेरॉक्सवाल्याकडे लावला, वाण्याच्या काउंटरवर ठेवला. वाण्याने त्यात शेंगदाणे बांधले. सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी घालून वाजवायला बसले, तर बायका कौतुकाने थांबल्या आणि म्हणाल्या, "छंद चांगला आहे हो तुमचा." एका गृहस्थांनी विचारलं, गिटारीने गणित सुधारतं का. मी म्हटलं, "नाही, पण कान सुधारतात, तुम्हीपण या." ते आले नाहीत. जिभेवर ताबा नाही हे माझं घरातलं प्रमाणपत्र जुनंच आहे, पण प्रश्नच असे यायचे की ताबा ठेवून करायचं काय?

पुढच्या वर्षी घरी फोन आला, मी नव्या कागदांवर नंबर घातला, आणि अचानक मुलं यायला लागली. दिवाळीनंतर खोली भरली, मग दोन तुकड्या झाल्या. दारातलं "सर आहेत का?" कमी झालं. लोक आधी फोन करून, सगळं ठरवूनच यायचे. मला वाटलं, आलं फळाला. घट्टे पडलेल्या मुलांनी शाळेत वाजवून दाखवलं असेल, त्यांच्या आयांनी आणखी आयांना सांगितलं असेल. जवळजवळ तीन वर्षं मी या समजात सुखात होते. बुधवार पेठेत तारा आणायला गेले की दुकानदार म्हणायचा, "वर्ग जोरात दिसतोय बाई," आणि मी उगाच साधेपणाने हसायचे.

मग एके दिवशी एक आई मुलाला न्यायला आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "याचा पाया तुम्ही छान केलात. आता पुढचं सर घेतील ना?"

"कोण सर?"

"तुमचे मिस्टर. फोनवर त्यांच्याशीच तर बोलणं झालं होतं. म्हणाले, सुरुवातीला मॅडम घेतात."

फोन आमच्या हॉलमध्ये होता आणि वर्ग आतल्या खोलीत. शिकवताना मी फोन घेत नसे. संध्याकाळी सहाला नवरा सरकारी कचेरीतून यायचा, चहा करायचा आणि फोन घ्यायचा. मी त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही फोनवर काय सांगता?"

"काही नाही गं. ते विचारतात, सर बोलताय का? मी म्हणतो, बोला."

"आणि 'सुरुवातीला मॅडम घेतात' हे कोणाचं?"

"ते एकदा आपलं तोंडातून गेलं. मग तसंच पडलं." त्याने डोळे मिचकावून पाहिलं. "मुलं आली की नाही?"

मला चीड आली ती या 'आली की नाही'ची. त्याने काहीतरी चोरून केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. यात त्याला उपकार केल्याचं समाधान होतं. ज्या पडद्यामागून मी पाय काढला होता तोच पडदा याने घरात आणून लावला, तोही मला न सांगता, आणि पुढे सर म्हणून हा उभा. याला गिटारीच्या तारा किती असतात हे मोजून सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या प्रत्येक घरी फोन करा आणि खरं सांगा."

"सांगतो. गणपती तोंडावर आलेत, कार्यक्रम आहे मुलांचा. गणपती होऊन जाऊ देत, मग नक्की सांगतो."

मुलांचं मन मोडेल म्हणून मी गप्प बसले. दात आवळून तालमी घेतल्या.

सोसायटीच्या गणपतीत विविध गुणदर्शन असतं. नाच, वेशभूषा, पेटीवर एखादं भजन आणि त्या वर्षी माझी मुलं. दमट हवेत तारा उतरतात म्हणून मी स्टेजच्या मागे प्रत्येक गिटार पुन्हा पुन्हा जुळवत होते. मुलांनी झकास वाजवलं. एकाचीही लय सुटली नाही. मी कडेला उभी होते आणि मला खरंच वाटलं, हे मी केलंय.

तेवढ्यात अध्यक्ष माइकवर आले. "आपल्या परिसरात गिटारची गोडी लावणारे, आपल्या सर्वांचे लाडके सर!" शाल आणि नारळ घेऊन दोघेजण तयारच होते. नवरा मागच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. लोकांनी त्याला उचलल्यासारखं करत वर आणलं. शाल घातली गेली, नारळ हातात आला. तो माझ्याकडे बघत होता आणि मी नारळाकडे.

"सरांचं वादन झालंच पाहिजे!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव तेच म्हणू लागला. कोणीतरी माझी, माझी स्वतःची गिटार त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटी धरली. मान उजवीकडे, तारा पोटाकडे. पहिल्या रांगेतल्या माझ्या मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. एक पाऊल पुढे टाकून मी गिटार घेतली असती, "सरांचा हात दुखतोय" म्हणून वेळ मारून नेली असती. नवऱ्याच्या डोळ्यांत तीच विनवणी होती. मी जागची हलले नाही. या घटकेला तरी त्याने स्वतः बोलावं, एवढंच मला हवं होतं.

शेवटी तो बोलला. "मला गिटार येत नाही," तो माइकवर म्हणाला. "वर्ग हिचा आहे. पहिल्यापासून हीच शिकवते. फोनवर मी सर म्हणून बोलायचो. माझं चुकलं."

मांडवात कुजबुज झाली. मग एक टाळी पडली, आणि पाठोपाठ सगळ्यांच्या. माझ्या मुलांनी वाजवलं तेव्हा पडल्या होत्या त्याहून मोठ्या. अध्यक्ष गहिवरले. "बघा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा! चारचौघांत चूक कबूल करायला छाती लागते!" नारळ त्याच्याच हातात राहिला, शाल त्याच्याच खांद्यावर. इकडची शाल तिकडे करावी, असं त्या एवढ्या गर्दीत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एकाच्या आलं, माझ्या नवऱ्याच्या. तो खाली उतरला आणि त्याने ती शाल माझ्या अंगावर घालायला काढली. मी त्याचा हात बाजूला केला. "दुसऱ्याची उतरलेली मला नको," म्हटलं. ते जरा मोठ्याने झालं असावं. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत त्या संध्याकाळचं सार एकच होतं: सर किती भला माणूस आणि बाईंना केवढा तो राग.

आणि मग मुलं कमी व्हायला लागली. एकेक आई यायची, दारात उभ्या उभ्या बोलायची. "आमची फसवणूक झाली हो." सगळ्यांचं हेच. मी त्या गोड आवाजाच्या आईला विचारलं, "तुमचा मुलगा कसा वाजवतो?"

"छानच वाजवतो. प्रश्नच नाही."

"त्याला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच."

"मग फसवणूक कशात झाली?"

"तसं नाही हो, पण..." असं म्हणून ती चपला घालायला लागली. त्या 'पण'च्या पुढे काय आहे ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. राग यायचा तो त्याचाच. मला शिकवता येत नाही असं एकजण म्हणाला असता तरी मी समोर बसून वाजवून दाखवलं असतं. या 'पण'ला काय वाजवून दाखवणार?

दसऱ्याच्या सुमाराला खोलीत मोजकी मुलं उरली होती. अशात एका दुपारी बेल वाजली, एकदाच. दारात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आणि तिच्यामागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाई धायरी गावातली. आमची सोसायटी उभी आहे ते रान पूर्वी त्यांचंच होतं. ती माझ्या खांद्यावरून आत बघत नव्हती. माझ्याकडेच बघत होती.

"तुमीच शिकवता न्हवं?"

"मीच."

"सर न्हाईत ना कोनी?"

"नाहीत."

"मंग हिला शिकवा." ती आत येऊन बसली. "तीन सालामागं फोन केला हुता म्या. वाण्याकडं कागद बगितला हुता तुमचा. तर बाप्या मानूस बोलला. इचारलं, शिकवतंय कोन? तर म्हनला, मीच सर हाय. ठिवला फोन. आमच्यात बाप्याकडं पोरी न्हाय धाडत. आता गावात समदी बोलाय लागली, सर न्हाईच हाय म्हून, समदं बाईच करती. तवा आले."

नवरा त्या दिवशी रजेवर होता. चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि सगळं ऐकत होता.

मी विचारलं, "असा फोन आणखी कोणी केला होता?"

"आमच्या भावकीतल्या दोगी-तिगींनी केला की. समद्यांस्नी त्योच आवाज. एक पोर तर लई गुनाची, बाजा काय, पेटी काय, हातात घील ते वाजवायची."

"तिलाही घेऊन या ना मग."

"तिचं लगीन झालं की मागल्या उन्हाळ्यात. सासरी हाय ती."

कपबश्यांचा आवाज झाला. नवऱ्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि हात तसेच धरून उभा राहिला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

या वेळी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. खणातून नेलकटर काढला आणि मुलीला म्हटलं, "डावा हात पुढे कर."