कवायत सरांची उजवी बाजू

आमच्या शेजारचे कवायत सर निवृत्त झाले तरी बोलतात ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावं असंच. घरात बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, "चहा!" म्हणाले तरी गल्लीतलं एखादं माणूस ताठ होतं. त्यांचं सबंध आयुष्य मुलांकडे तोंड करून उभं राहण्यात गेलं. मुलांचा डावा हात वर जायला हवा असला की सर स्वतःचा उजवा वर करायचे. समोरच्याची बाजू आपल्या उलट, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याचा विचारही करावा लागत नसे.

बाईंच्या धाकट्या बहिणीच्या घरून निरोप आला, तिचं काही खरं नाही, यायचं तर लगेच या. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून बाईंना बसवत नाही. म्हणून सरांनी आपल्या जुन्या गाडीची पुढची सीट काढून तिथे फळी आणि गादी बसवली होती. बाई तिच्यावर आडव्या होऊन जायच्या. दुसऱ्या गाडीत ते जमण्यासारखं नव्हतं आणि रुग्णवाहिका इतक्या लांबच्या गावाला यायला तयार नव्हती.

आणि गाडीचं पुढचं चाक खड्ड्या-खड्ड्याला खटखटत होतं.

"खटखटू दे. हळूहळू जाऊ," बाई व्हरांड्यातल्या कॉटवरून म्हणाल्या.

"आणि वाटेत चाक निखळलं म्हणजे?"

"तर तिथेच पडून राहीन. नाही तरी दुसरं काय करते मी?"

सर ऐकेनात. अंगणात जॅक लावला, गाडी स्टँडवर घेतली, चाक काढलं आणि पाय बाहेर ठेवून ते गाडीच्या पुढच्या बाजूने उताणे खाली सरकले. चाकाला जागेवर धरून ठेवणारा एक लोखंडी आर्म असतो. त्याच्या टोकाचा सांधा पार खिळखिळा झाला होता. तो सरांच्या डाव्या हाताशी होता, आणि गाडीच्याही डाव्याच बाजूला. पण सरांच्या लेखी गाडी मुलांसारखी समोर उभी होती.

"उजवा सांग!" ते खालून ओरडले. बाईंनी स्पेअर पार्टच्या दुकानदाराला फोनवर उजवा सांगितला.

नट गंजून चिकटलेले. पाना घसरला, बोटं सोलली. शेवटी ग्राइंडरने बोल्ट कापले आणि ठोकून-ठोकून आर्म काढला, तोवर तो वाकून कामातून गेला. दुकानाच्या माणसाने नवा आणून दिला. सरांनी तो जागेवर धरला, तर त्याचा बाक भलतीकडेच. उलटा धरला, सुलटा धरला, पुसून पुन्हा धरला.

"सर, ड्रायव्हर बसतो तशी डावी-उजवी," दुकानदार फोनवर म्हणाला. "तुम्ही कसे उभे होतात?"

"आडवा होतो."

"मग काय बोलायचं!"

त्याच्याकडे डावा नव्हता. इतक्या जुन्या गाडीचा मागवावा लागेल, तोही परवापर्यंत आला तर आला. भंगारवाल्यांनी हात वर केले. सर आर्म मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. बाई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "साबण लावून हात धुवा. जखमेत ग्रीस जाईल."

दुपारी बहिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई सारखी विचारतेय, कुठवर आलात म्हणून. तिच्या कानाशी धरते हं."

बाईंनी सरांकडे पाहिलं. फोन तळहाताने झाकला. "हॉर्न वाजवा."

"काय?"

"गाडीचा हॉर्न. वाजवा म्हणते ना."

सरांनी खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला. पारवे बसावेत तशी गल्लीतली पोरं कुंपणावर येऊन बसली होती, तीही दचकली.

"ऐकलंस?" बाई फोनमध्ये म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. "निघालोय गं. पुढे एक ट्रक आहे, जागाच देत नाही मेला. तुझे भावजी चिडलेत. तू पड स्वस्थ. डोळे मिट हवं तर, आले की उठवते."

पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. फक्त श्वास येत असावा, कारण बाई फोन कानाला घट्ट दाबून बोलतच राहिल्या. मध्येच त्यांनी सरांना हाताने खूण केली. सरांनी पुन्हा हॉर्न दाबला. आयुष्यभर शिट्टीवर शेकडो मुलं थांबवणाऱ्या माणसाला तो कधी सोडायचा ते कळत नव्हतं.